पायऱ्यांवरची बाई

आई येणार असल्याची बातमी मनीला तिच्या विभागप्रमुखांनी दिली, आणि तीही सरप्राइज म्हणून. "तुमच्या आईंना आम्ही परस्पर बोलावलंय," ते फोनवर म्हणाले. "पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं प्रकाशन आणि समोर बसलेली प्रत्यक्ष पायऱ्यांवरची बाई. याहून चांगलं काय हवं?" मनीने "वा, छान" म्हटलं, फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा असा उतरला होता की मला वाटलं, कुणीतरी गेलं.

मनी म्हणजे माझी जोडीदार. ती विद्यापीठात सिनेमा शिकवते. काढायला नाही, बघायला. पडद्यावर बायका कशा दाखवतात, पडद्यासमोरच्या बायका ते कसं बघतात, आणि आमच्यासारख्या ज्यांच्या गोष्टी पडद्यावर कधी आल्याच नाहीत त्यांनी दुसऱ्यांच्या गोष्टींत आपली गोष्ट कशी शोधली, हा तिचा विषय. बाहेर सगळे तिला मॅडम म्हणतात. मनी हे घरातलं नाव. मी जनावरांची डॉक्टर असल्यामुळे त्यावरचे सगळे विनोद आमच्याकडे होऊन गेलेले आहेत, तेव्हा ते राहू देत.

तर पायऱ्यांवरची बाई. मनीच्या सगळ्या नावलौकिकाच्या बुडाशी एक छोटीशी गोष्ट आहे. ती तान्ही असताना तिचे आईबाबा सिनेमाला जायचे. थिएटरात अंधार झाला की ही भोकाड पसरायची. मग बाबा आत आरामात शेवटपर्यंत बसायचे आणि आई हिला खांद्यावर टाकून बाहेर पायऱ्यांवर उभी राहायची. दारातून आवाज यायचा, गाणी यायची, चित्र यायचं नाही. जे दिसत नाही ते आई नुसतं ऐकून मनात रचायची. मनीचं म्हणणं असं की बायकांनी सिनेमा असाच बघितला, बाहेरून. आणि आमच्यासारख्यांनी तर त्याच्याही बाहेरून. या गोष्टीने तिचं पुस्तक सुरू होतं, तिची व्याख्यानं सुरू होतात. आता तर दुसऱ्या विद्यापीठांतली मुलंही आपापल्या प्रबंधांत 'पायऱ्यांवरची बाई' असं लिहितात, जणू तो एखादा आजार आहे.

गोष्ट चांगलीच आहे. फक्त पायऱ्यांवर बाई नव्हती, बाबा होते.

हे मला मनीनेच सांगितलं होतं, आम्ही नुकत्याच एकत्र राहायला लागलो होतो तेव्हा, आणि हसत हसत सांगितलं होतं. नोकरी लागण्याआधी कुठल्याशा परिसंवादात ती बोलून गेली की मला घेऊन कुणाला तरी बाहेर उभं राहावं लागायचं. समोर तिच्या क्षेत्रातल्या एक मोठ्या मॅडम बसल्या होत्या. "कुणाला तरी कशाला?" त्या म्हणाल्या. "आईलाच." सगळी खोली हसली, मनीही हसली. पुढच्या वेळी तिने सरळ 'आई' म्हटलं. तसं म्हटलं की गोष्ट आपोआप पुढे जायची. बाबा म्हटलं असतं तर थांबून समजावत बसावं लागलं असतं, आणि चांगला बाप तिच्या कुठल्याच प्रकरणात बसत नव्हता. मग पुस्तक आलं, आणि छापून आलं म्हणजे झालंच. माझ्या धंद्यात ही चूक टिकली नसती. कुत्र्याच्या डाव्या पायाऐवजी उजव्या पायाला प्लास्टर घातलं, तर ते दुसऱ्या दिवशी लंगडत माझ्याच टेबलावर येतं.

बाबा गेल्यापासून मनीचं हसणं बंद झालं. ती गोष्ट सांगून घरी आली की धड जेवायची नाही, माझ्यावर उगीच खेकसायची, आणि पुढच्या व्याख्यानात पुन्हा तीच गोष्ट सांगायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "मग दुरुस्त कर ना. बाबा होते म्हण."

"आता? मुलांनी त्याच्यावर प्रबंध लिहिलेत."

"मुलं दुसरं काहीतरी लिहितील."

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली. मला पुरतं कळत होतं. मग थोड्या वेळाने, ताट पुढे सारून, "निदान आईबाबांनी पुस्तक वाचलं नाही, तेवढंच बरं."

आई आल्या त्या नेहमीसारख्या, एक छोटी बॅग आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन. मला त्या 'डॉक्टर' म्हणतात आणि अहोजाहो करतात. सून म्हणायचं की जावई, हा प्रश्न त्यांनी असा सोडवला. मनी मला पहिल्यांदा घरी घेऊन गेली तेव्हा मात्र त्यांनी मला काहीच म्हटलं नव्हतं. मनीने सगळं सांगून टाकल्यावर त्या उठल्या आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसल्या. बाबांनी दाराबाहेर स्टूल टाकलं. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत गुन्हेगारांसारख्या बसलो होतो आणि बाबा बंद दाराशी हळू आवाजात कितीतरी वेळ काहीतरी बोलत होते. शेवटी दार उघडलं. आई डोळे पुसत बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "चहा घेणार का, डॉक्टर?" बाबा नेमकं काय बोलले ते आम्हाला कधीच कळलं नाही.

आता त्याच आई माझ्या शेजारी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. सभागृह भरलं होतं. मनीला निदान एक आशा होती, की ती स्वतः बोलायला उभी राहील तेव्हा ती गोष्ट वगळेल. पण तिची ओळख करून द्यायला तिचीच एक विद्यार्थिनी उभी राहिली, मोठ्या चष्म्याची, मनापासून बोलणारी, आणि तिने काय करावं? पुस्तकाचं पहिलं पान पाठ म्हणून दाखवलं. बाबा आत आरामात बसलेले, आई पायऱ्यांवर, दारातून येणारं गाणं, सगळं. शेवटी ती गहिवरून म्हणाली, "आणि ती बाई आज इथे आपल्यात आहे." लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. आई बसूनच राहिल्या. मी त्यांच्या हातांकडे पाहत होते. हात हलले नाहीत.

मनी माइकपाशी आली. तिने आईकडे पाहिलं, आणि मला खरंच वाटलं की आता ही बोलते. तोंड उघडलं तिने, पाण्याचा घोट घेतला, आणि "इतक्या सुंदर ओळखीनंतर मी थेट विषयाला हात घालते," असं म्हणून थेट विषयाला हात घातला. भाषण उत्तम झालं. मला तिचा असा राग आला होता की मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

नंतर चहाच्या टेबलापाशी मुलामुलींनी आईंना घेरलं. आई एका हातात कप आणि दुसऱ्या हातात बिस्किट धरून, सगळ्यांकडे पाहून गोड हसत होत्या. मनी दोन पावलांवर उभी होती, कुणाशी तरी बोलण्याचं सोंग करत.

"आजी, तुम्हाला राग नाही यायचा?" चष्मेवालीने विचारलं.

"यायचा की," आई म्हणाल्या. "पण सांगणार कुणाला?"

"आणि आजोबा? ते एकदाही नाही आले बाहेर? की, तू जा आत, मी घेतो हिला?"

आईंनी बिस्किट चहात बुडवलं. ते बराच वेळ तसंच धरलं, आणि अर्धं मोडून कपात पडलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही."

मुलांनी चुकचुकून मान हलवली. एकीने आईंचा दंड हलकेच दाबला. मनीने कप खाली ठेवला आणि प्रसाधनगृहाकडे गेली. ती लवकर परत आली नाही.

घरी आल्यावर आईंनी पट्टा सोडला आणि गुडघा चोळत बसल्या. मनी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. विद्यापीठात लोक जिच्यासमोर चळाचळा कापतात ती बाई मार खायला आलेल्या मुलीसारखी मान खाली घालून बसली होती.

"आई, तू खोटं का बोललीस?"

"तू का बोललीस?" आईंच्या आवाजात राग नव्हता. एखादीने भाजीला मीठ का घातलं नाहीस म्हणून विचारावं, तसं विचारलं त्यांनी.

मनीने सांगायचा प्रयत्न केला. परिसंवाद, मोठ्या मॅडम, मग पुस्तक, असं काहीतरी अडखळत सांगितलं. आईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुझं पुस्तक आलं त्याच दिवशी त्यांनी मला वाचून दाखवलं. पहिलं पान. पुढचं काही आम्हा दोघांच्या डोक्यात शिरलं नाही."

मनीने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत असेल असं तिला वाटलं असावं. मला माहीत नव्हतं.

"मी भडकले होते," आई म्हणाल्या. "म्हटलं, लावा तिला फोन. ते म्हणाले, राहू दे. आता छापून झालंय, तिला अडचण होईल. कुणी विचारलंच तर तू हो म्हण."

"बाबांना वाईट वाटलं?"

आईंना खोटं बोलता आलं असतं. मी मनातल्या मनात त्यांना विनवत होते की बोला. "वाटलं असणार," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी न जेवताच झोपले. दुसऱ्या दिवशी मात्र पुस्तक घेऊन शेजारच्यांना दाखवायला गेले. पहिलं पान सोडून बाकीचं दाखवलं."

मनी रडायला लागली. मी उठून तिच्याजवळ गेले नाही. मला जावंसं वाटलं नाही, आणि न गेल्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

"मला वाटलं, ते गेल्यावर तरी तू सांगशील," आई म्हणाल्या. "म्हणून आले मी. नाहीतर या गुडघ्याने कोण एवढा प्रवास करतंय? आणि सांगायचं राहिलं बाजूला, मीच सगळ्यांदेखत म्हणाले, एकदाही नाही. अगं, तो माणूस एकदाही आत बसला नाही. सिनेमाचं वेड मला होतं. तू रडायच्या आधीच ते उठायचे. म्हणायचे, तू बघ, मला घरी जाताना सांग."

"आणि तू सांगायचीस?"

"रस्ताभर. तू त्यांच्या खांद्यावर झोपलेली असायचीस आणि मी पहिल्यापासून सांगायचे. कोण कुणाला काय म्हणालं, कुठले कपडे घातले होते, सगळं. फक्त शेवट रडका असला की मी बदलायचे." आई पहिल्यांदाच थोड्या हसल्या. "एवढा वेळ उभ्याने पोर सांभाळलेल्या माणसाला रडका शेवट कशाला? मेलेली माणसं मी जिवंत करायचे. तुटलेली लग्नं जुळवून टाकायचे. त्यांना वाटायचं, सगळे सिनेमे गोडच असतात."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी दार लावून घेतलं होतं. आठवतंय?"

"आठवतंय, आई."

"एक सिनेमा होता, दोन मैत्रिणींचा. एकमेकींवाचून करमायचं नाही अशा. शेवटी एकीचं लग्न लावून देतात आणि दुसरी जीव देते. मी यांना सांगितलं होतं की दोघी लांब कुठेतरी जातात आणि एक छोटं घर करून राहतात. दारात कुंड्या लावतात, असंही मीच घुसडलं होतं. त्या दिवशी हे बाहेर स्टुलावर बसून मला तेच समजावत होते. अगं, त्या दोघी नाही का सुखाने राहिल्या, तूच सांगितलंस, दारात कुंड्या होत्या, मग आपल्या मनीचंही तसंच होईल. आता त्यांना काय सांगू? की ते मी मनचं घातलं होतं, खरं तर ती मेली? मला तोंडच राहिलं नाही. उघडलं दार."

मी खिडकीबाहेरच्या आमच्या कुंड्यांकडे पाहत होते. त्या कोणी लावल्या ते आठवत होते. बाबांनीच आणल्या होत्या, पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले तेव्हा.

आणि मग मी पाहिलं की मनीचा हात टेबलावरच्या फोनकडे निघालाय. डोळे अजून ओले होते, पण हाताला सवय होती. टिपून ठेवायचं होतं तिला. बोटं फोनला लागली, तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. तिला स्वतःचीच किळस आल्यासारखं दिसलं. आईंनीही पाहिलं होतं, पण त्या पुन्हा गुडघा चोळायला लागल्या.

"उद्या सांगते," मनी म्हणाली. "सकाळी मुलांशी गप्पांचा कार्यक्रम आहे. सगळ्यांसमोर सांगते की बाबा होते. पण आई, तू समोर बसू नकोस. तू समोर असलीस तर मला शब्द फुटणार नाही."

"बरं," आई म्हणाल्या. "मी बाहेर थांबेन."

त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी आई सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर होत्या. गुडघ्यामुळे उभं राहवेना म्हणून कठड्याला धरून मधल्या एका पायरीवर टेकल्या. मी वर दारापाशी होते. दार नीट लागत नव्हतं, बोटभर फट राहत होती. खाली आईंपर्यंत नुसता आवाज जात असणार, शब्द नाही. त्यांनी दोनदा मान वर करून मला खुणेने विचारलं, आणि मी हात हलवून थांबा म्हटलं.

आत मनी म्हणाली, "काल एक गोष्ट सांगायची राहिली. पहिल्या पानाबद्दल." तिचा आवाज घोगरा झाला होता. मला इतकं हायसं वाटलं की मी डोळे मिटले.

"मॅडम, मला त्याच पानाबद्दल बोलायचंय," असं म्हणून चष्मेवाली मध्येच उठली. "मी ते पान माझ्या आईला वाचून दाखवलं. ती खूप रडली. म्हणाली, म्हणजे मी एकटीच नव्हते तर. मागच्या आठवड्यात ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी सिनेमाला गेली. तुम्ही लिहिलं नसतं तर ती गेली नसती." कुणीतरी तिला पाणी दिलं. टाळ्या झाल्या.

मग मनीच्या चपलांचा आवाज आला, दोन पावलं इकडे, दोन तिकडे. अडचणीत असली की ती घरीही अशीच फिरते. मी दाराच्या फटीला कान लावून मनात म्हणत होते, बोल गं, बोलून टाक.

"तेच सांगायचं होतं मला," मनी म्हणाली. हळूहळू आवाज सापडत गेला तिला, तो व्याख्यानातला, गुळगुळीत. "पायऱ्यांवर नेमकं कोण उभं होतं, हा प्रश्न गौण आहे. तिथे कुणाला उभं केलं जातं, हे महत्त्वाचं. ती बाई आता माझी राहिली नाही. ती तुमची आहे."

केवढ्या टाळ्या पडल्या. खाली आईंनी दचकून वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मी त्यांना हात दाखवला. काय दाखवायचं होतं मला, कुणास ठाऊक.

मुलं बाहेर पडली, आईंना वाकून नमस्कार करत, हसत, पांगली. सगळ्यांत शेवटी मनी आली. माझ्याकडे न बघता ती माझ्यासमोरून पायऱ्या उतरली आणि आईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे उतरले.

"काय झालं गं शेवटी?" आईंनी विचारलं.

"सांगितलं," मनी म्हणाली.

"बाबांचं?"

"हो. सगळं सांगितलं. तेच उभे राहायचे म्हणून."

"मग मुलं काय म्हणाली?"

"टाळ्या वाजवल्या. ऐकल्या नाहीस?"

"ऐकल्या," आई म्हणाल्या. त्यांनी मनीच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, तुम्ही तर दारातच होतात."

मी रोज लोकांना त्यांचं जनावर जगणार नाही हे तोंडावर सांगते. त्यात मी कधी कचरले नाही, आणि कचरत नाही याचा मला थोडा माजही आहे. मनीने आता पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"हो, आई," मी म्हटलं. "मी ऐकलं. छान बोलली."

आईंनी मान हलवली. कठड्याला धरून त्या उठल्या, पट्टा सारखा केला, पर्स खांद्याला अडकवली. मनी त्यांना हात द्यायला पुढे झाली आणि त्यांनी तो घेतला. एकेक पायरी सांभाळून उतरताना त्या मनीला म्हणाल्या, "चांगला झाला शेवट."

आणखी एक पायरी उतरल्यावर थांबून म्हणाल्या, "मीही यांना असंच सांगायचे. त्यांना खरं वाटायचं."